चढावरचं माप

"भाऊ, आठून त्या खांबालोंग कितलं व्हई?"

एका हातात चहाचा कप, एक पाय माझ्या दुकानाच्या पायरीवर, दुसरा रस्त्यावर आणि एक डोळा मिटलेला. आप्पा हा प्रश्न कुणालाही विचारत. तुम्ही अंदाजानं "पन्नास मीटर" म्हणालात की ते कप ठेवून देत, खांद्यावरच्या पिशवीतून टेप काढत आणि खरोखर मोजून येत. "त्रेचाळीस." मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "माणूसना डोया खोटं बोलस. टेप खोटं नही बोलस."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खुर्ची दिसली की त्यांना ती दुसऱ्याला द्यावीशी वाटते. शहाद्यात माझं झेरॉक्सचं आणि नकाशे छापायचं दुकान आहे, आणि आप्पांचं घर दुकानाला लागूनच. त्यांच्यासाठी म्हणून मी एक स्टूल ठेवलं होतं. वीस वर्षांत ते त्यावर बसल्याचं मला आठवत नाही. "बठीसन काय करू?" असं म्हणून ते त्याच स्टुलावर पिशवी ठेवत आणि स्वतः दारात येरझाऱ्या घालत.

तरुणपणी ते कालव्याच्या कामावर मोजणीला होते. पुढे स्वतःचं काम सुरू केलं. तापीकाठच्या केळीच्या बागांत ठिबकच्या नळ्यांची आखणी, गावाबाहेरचे प्लॉट, भावाभावांच्या वाटण्या. सरकारी मोजणी वेगळी. पण घरातल्या घरात एकमत झालं की लोक आप्पांना बोलवत, कारण ते कुणाच्याही बाजूनं झुकत नसत. हाताखालचा माणूस आला नाही की टेपचं दुसरं टोक धरायला ते मला नेत. मला ते आवडायचं. दिवसभर मशीनसमोर बसणाऱ्याला तेवढंच उन्हात फिरणं.

एका पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. नंदुरबारच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा कॉट रिकामी. सलाईनची बाटली एका हातात उंच धरून ते वऱ्हांड्यातून चालत होते आणि मागून नर्स ओरडत होती. "सिस्टर, तुमना वरांडा एकतीस मीटर शे," त्यांनी तिला कौतुकानं सांगितलं.

डॉक्टरांनी बजावलं. हृदय कमजोर झालंय, डोंगर चढायचे नाहीत, ओझं उचलायचं नाही, आराम करायचा. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्यात नोकरी करते. तिनं यातला शेवटचा शब्द मनावर घेतला आणि थंडीत चार दिवसांची सुट्टी ठरवून टाकली. नाशिकच्या पुढे एक रिसॉर्ट होतं. एका अंगाला पाळणे, घसरगुंड्या, लाटांचा तलाव. दुसऱ्या अंगाला राहायच्या खोल्या, आणि मागे टेकडीपर्यंत पसरलेलं गोल्फचं लहानसं मैदान. तिनं मला फोन केला. "काका, तुम्ही पण या. पप्पांना एका जागी बसवून ठेवणारं कुणीतरी हवं." बसण्याच्या बाबतीत माझी कीर्ती पुण्यापर्यंत पोचली होती.

पहिला दिवस आम्ही सगळ्यांनी त्यांना बसवण्यात घालवला आणि त्यांनी उठण्यात. पाळण्यात बसले नाहीत, पण त्याची उंची किती असेल यावर तिकीटवाल्याशी वाद घातला. अस्वलाचा वेष घातलेला एक माणूस मुलांशी हस्तांदोलन करत फिरत होता. आप्पा त्याच्या मागेमागे गेले. "दादा, आतमा गरम व्हस का?" असं विचारून त्याचं मुंडकं काढायला लावलं आणि त्याला बाटलीभर पाणी पाजलं. बिनमुंडक्याचं अस्वल पाणी पिताना पाहून दोन लहान पोरी रडायला लागल्या. आप्पांची बायको, आमच्या वहिनी, कपाळाला हात लावून खुर्चीत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं युक्ती काढली. "पप्पा, गोल्फ खेळू या. यात बसायचं नसतं. चेंडू मारायचा आणि त्याच्या मागे चालायचं. हळूहळू."

मैदानावर शिकवायला एक पन्नाशीचा माणूस होता. जवळच्याच गावचा, डोक्यावर पांढरी टोपी, अंगात रिसॉर्टचा हिरवा शर्ट. आप्पांनी काठी हातात घेतली ती पहार धरावी तशी. पहिल्या फटक्याला चेंडू जागेवरच राहिला आणि गवताचा वीतभर तुकडा उडाला. ते खजील झाले. तुकडा उचलून आणला, खड्ड्यात बसवला, पायानं दाबला आणि त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. शिकवणारा हसला. "साहेब, शेतकरी दिसता."

पण चौथ्या-पाचव्या फटक्याला चेंडू उठला. निळ्या आभाळात बारीक होत गेला आणि लांब कुठंतरी टप्पा घेऊन थांबला. आप्पांनी एक डोळा मिटला. "एकशे बारा." शिकवणाऱ्याकडे दुर्बिणीसारखं अंतर मोजायचं यंत्र होतं. त्यानं ते डोळ्याला लावलं आणि आप्पांकडे पाहतच राहिला. "एकशे तेरा, साहेब!"

मग काय विचारता! त्या तासाभराइतकं खूश मी आप्पांना कधी पाहिलं नव्हतं. चेंडू, अंतर, चालणं. पुन्हा चेंडू, अंतर, चालणं. मुलगी फोटो काढत होती. वहिनी लांबून हात हलवत होत्या. मी मनात म्हटलं, चला, जमलं. हा खेळ बहुतेक अशाच माणसांसाठी काढलेला असावा.

पाचव्या खड्ड्याची सुरुवात टेकडीच्या पायथ्याशी होती. म्हणजे चेंडू खालून मारायचा आणि झेंडा वर, चढावर. बाजूच्या पाटीवर अंतर लिहिलं होतं. आप्पांनी ते वाचलं, डोळ्यानं ताडलं आणि तेवढाच जोर लावून मारला. चेंडू कमी पडला. पुन्हा मारला, पुन्हा कमी. तिसऱ्यांदाही तेच.

"तुमनी पाटी चुकेल शे," आप्पा म्हणाले. "हाई जमीन जास्त शे."

"पाटी बरोबर आहे साहेब," शिकवणारा म्हणाला. "पाटीवरचं माप सपाटीचं आहे. हे मैदान आखलं तेव्हा मी इथं मजूर होतो. आखणाऱ्यांनी टेप जमिनीवर नाही टाकला, हवेत आडवा ताणून धरला. थोडा थोडा, पायऱ्या केल्यासारखा. मी ओळंबा धरून उभा होतो. चढावर टेप टाकला की माप खोटं येतं, सपाटीवर तेवढं भरत नाही म्हणाले."

ही गोष्ट आप्पांना ठाऊक नव्हती असं नाही. त्यांच्या धंद्यातलं ते पहिलं अक्षर. कालव्यावर त्यांनी कितीतरी पोरांना हेच शिकवलं होतं. पण ते काठी टेकून चढाकडे बघत उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला लगेच कळलं. कारण तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

म्हसावदच्या पुढं, तोरणमाळच्या रस्त्याला लागून आत एक पाडा आहे. तिथल्या एका पावरा आदिवासी कुटुंबाची वाटणी होती. थोरला भाऊ, आणि धाकट्याची विधवा बायको. नाल्यापासून वर डोंगराच्या धारेपर्यंत गेलेलं एकच शेत. खालचा सपाट भाग थोरल्याला, वरचा चढाचा भाग तिला, दोघांची लांबी सारखी. नव्वद मीटर वरून मोजून दगड रोवायचा होता. मधोमध, जिथं चढ संपतो तिथं, एक मोठं मोहाचं झाड. त्याची फुलं ती बाई लग्न होऊन आली तेव्हापासून वेचत होती.

उतरायची शेवटची जीप निघायची वेळ झाली होती. खालून ड्रायव्हर हॉर्न देत होता. मीच म्हणालो होतो, "आप्पा, आटपा आता, इथं मुक्काम पडेल." आणि आप्पांनी, बहुधा आयुष्यात एकदाच, टेप सरळ उतारावर टाकला. दगड रोवला गेला तो झाडाच्या वरच्या बाजूला. झाड दिराकडे गेलं.

बाई म्हणाली होती, "सायब, झाड माझ्याकडे येते. माझा नवरा सांगत होता."

आप्पा टेप गुंडाळत म्हणाले होते, "माय, टेप खोटं नही बोलस."

ती वळून झोपडीकडे गेली होती.

मैदानावर आप्पांनी काठी शिकवणाऱ्याच्या हातात दिली. "उतार वीस अंशना व्हई," ते स्वतःशीच बोलत होते. "नव्वदमा पाच मीटर चाळीस कमी. भाऊ, झाड तिनंच शे." आणि खोलीकडे चालू लागले. हळूहळू नाही.

मुलगी धावत आली. तोवर त्यांची पिशवी भरून झाली होती.

"पप्पा, आपण सुट्टीवर आलोय! दोन दिवस आहेत अजून. फोन करून सांगा ना त्यांना."

"बेटा, फोननं दगड सरकत नही."

"तीन वर्षं झाली त्याला. आणखी दोन दिवसांनी काय बिघडणार आहे?"

"तिनी तीन वरीस फुलं वेची नहीत," आप्पा म्हणाले. "माले आठे बठता येवाव नही."

ती माझ्याकडे वळली. डोळे भरले होते. "काका, तुम्ही तरी अडवा ना."

मी अडवलं नाही. आपलीही चूक आहे हे तिला सांगायची हिंमतही झाली नाही. नुसतं म्हणालो, "मी जातो त्यांच्याबरोबर." तिला वाटलं मी त्यांची काळजी घ्यायला चाललोय.

नाशिकहून एसटीनं शहाद्याला आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपनं वर गेलो. बाईच्या झोपडीच्या दाराला बाभळीच्या फांद्या लावलेल्या होत्या. शेजारची म्हातारी म्हणाली, ती ऊसतोडीला गुजरातला गेली, होळीला येईल. दीर शेतात होता. त्यानं आम्हाला पाहिलं, पण जवळ आला नाही. त्यानं दगडाच्या रेषेवर कंबरेएवढा बांध घातला होता. नेटका, दगडावर दगड रचून.

"आलोच आहोत तर मोजून ठेवू," मी म्हणालो.

"नही. जिन्हं वावर शे ती समोर जोयजे," आप्पा म्हणाले. आणि आम्ही तसेच उतरलो.

पुढचे अडीच महिने कसे गेले ते मी दुकानातून पाहिलं. सकाळ झाली की आप्पा बसस्टँडवर. म्हसावदकडून येणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याला एकच प्रश्न, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या का? मग माझ्या दुकानात येऊन जुने नकाशे काढायचे. तीस वर्षांत डोंगरात जेवढ्या मोजण्या केल्या, त्या सगळ्यांच्या प्रती त्यांनी माझ्याकडून छापून घेतल्या आणि लाल पेन्सिलीनं चढावरच्या वेगळ्या काढल्या. सव्वीस निघाल्या. एकेका गावी जाऊन ते स्वतः पुन्हा मोजून आले. वहिनी जाऊ नका म्हणायच्या आणि हे मागच्या दारानं गेलेले असायचे. त्या पाड्याची सोडून बाकी पंचवीस बरोबर निघाल्या. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. बरोबर निघालेल्या मोजणीचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण दर खेपेला ते जास्तच कासावीस होऊन परतत.

या सगळ्या दिवसांत एकदाही ते मला म्हणाले नाहीत की घाई तू केलीस. म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

होळीच्या आठ दिवस आधी निरोप आला. आम्ही वर गेलो. बाई दारात उभी होती, उन्हानं काळवंडलेली. पाड्यातले दहाबारा लोक जमले, पाड्याचे निवाडे करणारा कारभारीही आला. आप्पांनी सगळ्यांसमोर पिशवी खाली ठेवली आणि अहिराणी सोडून, शाळेतल्यासारख्या सावकाश मराठीत बोलले. "मी चुकीचं मोजलं होतं. चूक माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही."

मी तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्या हातात टेपचं टोक दिलं.

या वेळी टेप आडवा ताणला. दहा दहा मीटरच्या पायऱ्या केल्या, ओळंबा सोडला, खुंट्या मारल्या. दुपार झाली. नववी खुंटी पडली ती मोहाच्या खाली, झाडापासून चार पावलं. झाड बाईच्या भागात आलं.

दीर इतका वेळ बांधापाशी उभा होता. आता पुढं आला. "तेव्हा तू सांगितला, टेप खोटं बोलत नाही. आता तूच सांगतो, खोटं. उद्या परत येशील आणि तिसरं सांगशील?"

आप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. "टेप खरा होता," ते म्हणाले. "धरणारा चुकला."

"आणि माझा बांध? एक उन्हाळा गेला माझा त्यात. तो कोण उचलेल?"

"मी," आप्पा म्हणाले.

लोक हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी सदरा काढून मोहाच्या फांदीला अडकवला, बांधाचा पहिला दगड उचलला, पाच मीटर खाली नेला आणि नव्या रेषेवर ठेवला. मी धावलो. डॉक्टरांचं नाव घेतलं, वहिनींची शपथ घातली. "तू मोठला धोंडा उचल, मी ल्हाना उचलस," एवढंच ते म्हणाले.

तासाभरानं बाई आली आणि दगड उचलायला लागली. अंधार पडायच्या आधी दीरही आला. त्यानंही दगड उचलला. अर्धा बांध हलला. दुसऱ्या दिवशी मला दुकान उघडायचं होतं, म्हणून मी उतरलो. आप्पा मागे राहिले आणि उरलेला बांध पुरा करूनच दोन दिवसांनी आले. तळव्यांना फोड आले होते. दारात उभं राहून चहा प्यायले आणि बांध किती सरळ आलाय ते सांगत राहिले.

जुलैत एका सकाळी ते बूट घालत होते. एका पायातला बूट घालून झाला, दुसरा हातात होता. वहिनींनी हाक मारली तेव्हा सगळं संपलं होतं.

दहाव्याचे विधी झाल्यावर मुलगी दुकानात आली. "काका, एकच विचारायचं होतं. त्या दिवशी रिसॉर्टवरून तुम्ही त्यांना अडवलं असतं तर ते आज असते का?"

मी तिला सगळं सांगितलं. जीपचा हॉर्न, माझी घाई, टेपचं टोक. मग उचललेले दगड. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. उठली आणि गेली. नंतर मी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. डॉक्टर म्हणाले होते की हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, बांधाचं नाव देता येणार नाही. पण डॉक्टरांनी ते दगड उचलले नव्हते, मी उचलले होते. दुकानात बसून राहणंही मला नकोसं झालं. ग्राहक नसला की मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो.

दसऱ्याच्या सुमारास ती अचानक आली. "मला तिथं घेऊन चला," म्हणाली.

वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. जीप घाटाला लागल्यावर मी काहीबाही बोलू लागलो, तिनं मान हलवली एवढंच. पाड्यावर पोचलो तर बाई अंगणात ज्वारीची कणसं पसरत होती. मला पाहून तिनं माझ्या मागं पाहिलं.

"तो नाही आला?"

मी सांगितलं. ती कणसं तशीच सोडून खाली बसली. थोड्या वेळानं तिनं मुलीकडे हात केला. "ही पोरगी का त्याची?"

मला वाटलं मुलगी आता बांध बघायला जाईल, झाड बघेल, विचारेल, एवढ्यासाठी? तिनं काहीच पाहिलं नाही. बाईच्या समोर जमिनीवर बसली.

"तुमच्याकडे दोन दिवस होते ना पप्पा? जेवले होते का इथं?"

"जेवला ना," बाई म्हणाली. "उडदाची डाळ केली होती मी, मिरची जास्त पडली. दोन भाकर खाल्ला. मग तिसरी मागितला."

"तिसरी?"

"हो. अर्धी नाही, पूर्ण. पाणी पिऊन पिऊन खाल्ला. तिखट लागत होता ना. डोळ्यातून पाणी येत होता आणि हसत होता."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. "दवाखान्यातून आल्यापासून घरी अर्धी पोळी ताटात टाकायचे ते," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आई रोज रडायची. मी पुण्याहून कसली कसली पावडर पाठवायचे." ती थांबली. मग एकदम हसली, आणि हसता हसताच तोंडावर ओढणी धरली. बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. कोंबड्या येऊन कणसांवर टोचायला लागल्या, त्यांना कुणी हाकललं नाही.

मग मुलीनं तोंड पुसलं.

"मला पण कराल का भाकरी?" तिनं विचारलं. "डाळ तशीच करा. तिखट."

बाई उठली आणि चूल पेटवायला आत गेली. मुलगी माझ्याकडे वळली. जुलैनंतर पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून बोलली.

"काका, उभे का? बसा ना."